आधी अभ्यंकर, शेवटी झेंडे

२७ फेब्रुवारीच्या काव्यवाचनाचा फलक सोसायटीच्या लिफ्टशेजारी लागला आहे. वर भगव्या अक्षरांत ‘अभिजात मराठी’, खाली सगळी नावं देवनागरीत आणि त्याखाली सूचना : ‘वाचनाचा क्रम अल्फाबेटिकली राहील. सहकार्य करावे.’

सहकार्य करायला माझी ना नाही. पण यादी वाचा. अभ्यंकर, बापट, चव्हाण, दाते, एकबोटे. म्हणजे अ झाला, ब झाला, मग च, मग द आणि एवढं सगळं उरकल्यावर ‘ए’. जोशी होऊन गेले, मग खरे आले. ओक नेन्यांच्या मागे. तांबे आणि टेंबे गळ्यात गळे घालून उभे, कारण दोघांच्या कपाळी एकच टी. उकिडवे त्यांच्याही मागे. सगळ्यांत तळाला झेंडे.

आमच्या सेक्रेटरींना विचारलं. असे सेक्रेटरी प्रत्येक सोसायटीत असतात. मान खाली घालून मोबाइल बघत त्यांनी खुलासा केला : ‘नावं इंग्लिशमध्ये टाकली, सॉर्ट मारला, मग मराठीत टाइप करून घेतली. सिस्टीमॅटिक होतं ना! कुणाची तक्रार नको.’ संगणकाला थेट देवनागरीत क्रम लावता येतो, हे त्यांच्या गावी नव्हतं. युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल आणि व यांच्यामध्ये कोंबलेला आहे आणि क्ष बिचारा क च्या घरात पोटभाडेकरू म्हणून राहतो, एवढी उणीव सोडली तर त्या यंत्राला आपली वर्णमाला आमच्या कमिटीपेक्षा बरी येते.

आता झेंडे. बालवाडीपासून ते शेवटी. हजेरीत शेवटी, तोंडी परीक्षेत शेवटी (तोवर सर जेवायला निघालेले), पोलिओच्या डोसालासुद्धा शेवटी. काव्यवाचनात त्यांची पाळी येते तेव्हा समोर मांडववाला खुर्च्या एकात एक घालत असतो आणि खुर्च्यांच्या त्या खडखडाटात झेंडे ‘माझी मायबोली’ वाचतात. मराठीच्या हिशेबाने झ हे नववं व्यंजन. स्वर आधी धरले तरी खरे, चव्हाण आणि जोशी झाल्यावर झेंड्यांचा नंबर लागला असता आणि गरम बटाटेवडा मिळाला असता. तो मिळत नाही, कारण रोमनांनी इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकाच्या सुमारास झेडला नारळ दिला! त्यांना त्याची गरज नव्हती. त्याच्या सातव्या खुर्चीवर जी जाऊन बसला. पुढे ग्रीक शब्द उसने घ्यायची वेळ आली तेव्हा झेडला परत बोलावलं, पण खुर्ची गेलेली. मग मागची सेवा न धरता त्याला रांगेच्या शेवटी उभं केलं. रोममधल्या या सेवाज्येष्ठतेच्या भानगडीत आमचे झेंडे दोन हजार वर्षांनी वड्याला मुकतात आणि याला आमचे सेक्रेटरी सिस्टीम म्हणतात.

बरं, ज्या क्रमापायी हे चाललंय त्यात क्रम तरी कुठला? एनंतर बी का येतो, याचं उत्तर ‘येतो म्हणून येतो’. आपल्याकडे क म्हणताना जीभ घशापाशी असते. च ला टाळूवर, ट ला मूर्ध्यावर, त ला दातांवर येते आणि प ला ओठ मिटतात. पाच वर्ग, पाच-पाच अक्षरं, प्रत्येक ओळीत आधी साधं, मग हकार मिसळलेलं, शेवटी नाकातलं. घशापासून ओठांपर्यंत तोंडाचा नकाशाच आहे तो. शाळेत पाठ केला होतात ना? की नुसतं ‘क रे कमळाचा’ म्हणून कमळ रंगवून आलात? आणि ज्या भाषेला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला म्हणून तुम्ही गेटवर पेढे वाटलेत, तिच्या उत्सवात तिच्याच पोरांना दुसऱ्याच्या हजेरीपटात उभं करता? वर सहकार्य मागता? लाज नाही, ती नाहीच. पण निदान यादी तरी वाचता येईल अशी लावा. एकबोटेंच्या आई पंचाहत्तरीच्या आहेत, त्या आपल्या लेकाचं नाव वर स्वरांमध्ये शोधत बसल्या आणि ‘गाळलं वाटतं’ म्हणून परत गेल्या.

मी तक्रार केली. कमिटीची तातडीची बैठक झाली आणि तोडगा निघाला : झेंड्यांनी स्पेलिंग बदलावं. झेडऐवजी जे-एच लावलं की थेट जोशींच्या अलीकडे. झेंडे हुरळले. दुसऱ्याच दिवशी नाव बदलाच्या प्रतिज्ञापत्राची चौकशी करून आले. आता पासबुक, पॅनकार्ड, फ्लॅटचा करारनामा आणि मुलीचा दाखला असं सगळं बदलायचंय. खर्च किती येतो ते विचारायला त्यांनी सेक्रेटरींनाच गाठलं, तर ते म्हणाले, ‘अर्ज टाका. अर्ज अल्फाबेटिकली घेतो.’