एका रांगेत सतरा

अ‍ॅन आर्बर या आमच्या गावाची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत सव्वा लाखाला जरा कमी भरली. गावातल्या मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियममध्ये १,०७,६०१ माणसं बसतात. म्हणजे तान्ही बाळं, अंथरुणाला खिळलेले आणि फुटबॉलचा मनापासून तिटकारा असणारे वगळले, तर अख्खं गाव आत बसवता येईल. असं असूनही सतरा मराठी माणसांना तिथे परवडणाऱ्या भावात आणि एकमेकांशेजारी जागा का मिळू नये, हे काही गणिताने सुटत नाही.

त्या आकड्यातला शेवटचा ‘एक’ फ्रिट्झ क्रिस्लर यांच्या नावाचा आहे. ते इथले जुने प्रशिक्षक आणि नंतर क्रीडासंचालक. त्यांच्या मानासाठी एक जागा जास्तीची धरलेली आहे आणि ती नेमकी कुठे आहे हे गुपित आहे, असं इथे अभिमानाने सांगतात. क्रिस्लर १९८२ साली वारले. ही हकिगत मी आमच्या मंडळींना सांगितली तेव्हा एक काका लगेच म्हणाले, “मग तेवढी एक तरी आपल्याला मिळते का, विचारून बघा की वहिनी.”

हे सगळं सुरू झालं माझ्या सासऱ्यांमुळे. सांगलीहून ते आणि सासूबाई सहा महिन्यांसाठी आले होते. नायगारा झाला, शिकागो झालं, कॉस्टकोत तर तीनदा जाऊन झालं. मग एका शनिवारी आमच्या रस्त्यावर पिवळ्या-निळ्या कपड्यांतली माणसं लोंढ्याने जाताना त्यांनी पाहिली. कोणी अंगणात गाड्या लावायला जागा भाड्याने देतंय, कोणी रस्त्याच्या कडेलाच शेगडी पेटवून सॉसेज भाजतंय. “ही कसली जत्रा?” म्हणाले. कॉलेजच्या पोरांची मॅच आहे म्हटल्यावर त्यांचा विश्वास बसेना. त्यांच्या कॉलेजात मॅच बघायला खेळणाऱ्यांपेक्षा कमी माणसं यायची. “हे एकदा बघायला पाहिजे,” असं ठरलं. त्याच रविवारी कोणाकडे तरी सत्यनारायण होता. प्रसाद घेता घेता ही गोष्ट बाहेर फुटली आणि ज्यांच्या ज्यांच्याकडे भारतातून आईवडील आले होते ते सगळे तयार झाले. “ग्रुपने गेलं की स्वस्तात पडतं,” असं एकजण म्हणाले. अष्टविनायकाच्या बसपासून पक्का झालेला हा समज आहे. अटलांटिक ओलांडल्याने तो ढिला होत नाही. “तिकिटांचं तेवढं तुम्ही बघाल का?” हे वाक्य पाठोपाठ आलंच. ते माझ्याकडे बघून म्हटलेलं होतं.

मंडळींना कुठली मॅच हवी, तर ओहायो स्टेटची. कारण तेवढं एक नाव सगळ्यांनी ऐकलेलं. हे दोन संघ पहिल्यांदा भिडले १८९७ साली, आणि हे वैर इतकं पिकलेलं आहे की या मॅचला नुसतं ‘द गेम’ म्हणतात. त्या आठवड्यात कोलंबसला ओहायोच्या विद्यापीठात पाट्यांवरच्या ‘एम’ या अक्षरावर लाल फुल्या मारतात. आमच्या गावात ही मॅच विषम वर्षी होते, नोव्हेंबर संपताना, जेव्हा थंडीने नाक जागेवर आहे की नाही ते हात लावून बघावं लागतं. ऑफिसातल्या माझ्या एका सहकाऱ्याला मी या मॅचसाठी गटसवलत मिळते का, असं विचारलं. तो याच विद्यापीठात शिकलेला. तो हसला नाही. त्याने खुर्ची ओढून मला बसायला सांगितलं.

त्याने सांगितलेलं मी इथे थोडक्यात देते, कारण मंडळींना तेच समजावून सांगण्यात माझा अख्खा सप्टेंबर गेला. चांगल्या जागा वर्षभराची तिकिटं घेणाऱ्यांकडे असतात. त्यांतल्या बऱ्याच जागांसाठी तिकिटाच्या पैशाआधी दरसाल विद्यापीठाला देणगी द्यावी लागते. देणगी देऊन काय मिळतं, तर तिकीट विकत घेण्याचा हक्क. पूर्वी अशा देणगीच्या ८० टक्के रकमेवर करसवलत मिळायची. २०१७ च्या कायद्याने ती गेली, तरी माणसं देतच राहिली. आता ही तिकिटं ज्यांच्याकडे असतात ती नवराबायको किंवा चौकोनी कुटुंबं. एखाद्या शनिवारी त्यांच्या भाचीचं लग्न निघालं की ती इंटरनेटवर विकायला येतात, तीही दोन किंवा चार अशीच. सतरा एकगठ्ठा कुठून येणार? त्यासाठी एकाच खानदानात केवढं मोठं लग्न लागेल!

शिवाय एकट्यादुकट्याची स्वस्ताई आणि गटाची स्वस्ताई एकमेकींकडे पाठ करून उभ्या असतात. एकट्याने मॅच सुरू होईपर्यंत थांबायचं. पाऊस पडू द्यायचा. विकणाऱ्याचा धीर सुटला की भाव कोसळतो, आणि मग फोनवर तिकीट घेऊन आत शिरायचं. गटाला हे जमत नाही. गटाने दोन महिने आधी विद्यापीठाच्या तिकीट विभागाला माणसांचा पक्का आकडा कळवायचा असतो, बहुतेक ठिकाणी पंधरा-वीसच्या पुढचा.

पक्का आकडा! आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी साधं विचारलं होतं, कोण कोण येणार? “आम्ही दोघं नक्की, बाकी बघू.” “आम्ही चौघं, पण आईंचे गुडघे.” “धरून चाला.” एकाने नुसते जोडलेले हात पाठवले. ते येतो म्हणून की माफ करा म्हणून, हे आजवर उलगडलेलं नाही. मॅच किती वाजता आहे ते कळलं की सांगतो, असं तिघांनी कळवलं. वेळ ठरवतात टीव्हीवाले, आणि ती पुष्कळदा मॅचच्या बारा दिवस आधी, कधी तर सहाच दिवस आधी जाहीर होते. दुपारी बारा, साडेतीन किंवा रात्र, यांपैकी काहीही. तोवर एक लाख सात हजार माणसं आपापला शनिवार मोकळा ठेवून बसलेली असतात. आमच्यातले तिघे तेवढे अडून राहिले. तरीही मी सतरा हा आकडा धरला, कारण त्याने कोणाचंच समाधान होत नव्हतं.

इंटरनेटवर ओहायोच्या मॅचचा भाव काढला. सतरा जणांच्या त्या रकमेत सासरे-सासूबाईंना विमानाने सांगलीला पाठवून परत आणता आलं असतं. पूर्वी या संकेतस्थळांवर आधी गोड आकडा दाखवायचे आणि पैसे भरायच्या पानावर सेवाशुल्क नि कसली कसली शुल्कं चढवायचे. मे २०२५ पासून फेडरल ट्रेड कमिशनच्या नियमामुळे सगळी रक्कम पहिल्यापासूनच दाखवावी लागते. ग्राहकाचं यात भलं झालं असं म्हणतात. माझ्यापुरतं एवढंच झालं की पूर्वी जो चटका शेवटी बसायचा तो आता सुरुवातीलाच बसतो.

“मग सगळे वेगवेगळे बसू,” असा तोडगा निघाला. जोड्याजोड्याने जिथे मिळेल तिथे बसायचं. सासूबाईंनी तो जागच्या जागी उडवला. “आत गेल्यावर हे हरवले तर मी शोधू कुठे?” त्यांना स्टेडियमचा फोटो दाखवला होता, त्यामुळे त्यांचं म्हणणं कोणाला खोडता येईना.

सहकाऱ्याचा दुसरा सल्ला असा की दुबळ्या संघाविरुद्धची मॅच बघा. मोठी विद्यापीठं मोसमाच्या सुरुवातीला लहान विद्यापीठांना चांगले पैसे देऊन घरी बोलावतात आणि बडवून काढतात. पाहुण्यांना चेक, यजमानांना विजय. अशा मॅचची तिकिटं स्वस्त असतात, गटालाही मिळतात. मला ही पद्धत फारच आवडली, विशेषतः २००७ सालची गोष्ट ऐकल्यावर. तेव्हा मिशिगन देशात पाचव्या क्रमांकावर होतं. त्यांनी ४ लाख डॉलर मोजून अ‍ॅपलेचियन स्टेट नावाच्या खालच्या श्रेणीतल्या संघाला बोलावलं. पाहुण्यांनी ३४-३२ अशी मॅच जिंकली आणि चेकही नेला. आमच्या गावात हा विषय अजूनही जेवताना काढायचा नसतो. पण आमचं ठरेठरेपर्यंत सप्टेंबर संपला होता आणि असल्या मॅचेसही त्याच्याबरोबर संपल्या होत्या.

शेवटी तोडगा निघाला तो शेजारच्याच गावात. वॉशटेनॉ अ‍ॅव्हेन्यूने पूर्वेला गेलं की इप्सिलँटी लागतं. तिथे ईस्टर्न मिशिगन विद्यापीठ आहे. हेविट रोडला वळलं की त्यांचं स्टेडियम. हे वळण चुकवू नये. चुकलं तर रस्ता सरळ १८९० च्या सुमाराच्या दगडी पाण्याच्या टाकीपाशी नेतो, आणि त्या टाकीचा आकार असा आहे की गाडीतल्या वडीलधाऱ्यांना तेवढ्यापुरतं पलीकडचं काहीतरी दाखवावं लागतं.

इप्सिलँटीत तिकीट मागणाऱ्याचं स्वागत होतं. अ‍ॅन आर्बरमध्ये १९७५ च्या नोव्हेंबरपासून, करोनाचं वर्ष सोडलं, तर एकही घरची मॅच लाखाच्या खाली गेलेली नाही. आणि दहा-बारा किलोमीटरवरच्या या विद्यापीठासारख्यांना वरच्या श्रेणीत राहायचं तर सरासरी १५ हजार प्रेक्षक दाखवा, अशी अट कैक वर्षं होती. सतरा माणसं एकदम येतात म्हटल्यावर आमच्याशी सासरची माणसं आल्यासारखं बोलणं झालं. भावही असा की बायकांनी पर्समधूनच पैसे काढले. फक्त वार होता मंगळवार. या लहान विद्यापीठांच्या मॅचेस नोव्हेंबरमध्ये टीव्हीच्या सोयीसाठी मंगळवारी-बुधवारी रात्री असतात, कारण शनिवारी त्यांच्याकडे कोण बघणार?

तर त्या मंगळवारी आम्ही गेलो. नक्की म्हणालेले चौघे आले नाहीत, आणि जोडलेले हात पाठवणारे सहकुटुंब आले, म्हणून आकडा जमला. गाड्यांच्या तळावर डिकी उघडून मसालेभात, अळूवडी आणि थर्मासमधला चहा झाला. डबे आत नेऊ देत नाहीत हे कळल्यामुळे पुरुषमंडळींनी दोन दिवसांचं तिथेच उरकलं. सगळ्यांची तिकिटं माझ्या एकटीच्या फोनमध्ये. थंडीने फोनची बॅटरी मान टाकू लागली, म्हणून मी तो स्वेटरच्या आत पोटाशी धरून फाटकापाशी गेले आणि सतरा वेळा बाहेर काढला.

मैदान करड्या रंगाचं. हिरवळ नाही, करडं. २०१४ मध्ये त्यांनी ते तसं मुद्दाम केलं आणि त्याला ‘द फॅक्टरी’ म्हणतात. “सिमेंट केलंय का?” सासऱ्यांनी विचारलं. खेळ त्यांना पाच मिनिटांत कळला. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, हे ऐकून ते म्हणाले, आपल्या नगरपालिकेपेक्षा वेग बरा आहे. खेळाची साठ मिनिटं संपायला साडेतीन तास लागले, तेव्हा ते शब्द त्यांनी मागे घेतले. आम्हाला एका रांगेत सतरा जागा मिळाल्या होत्या. पहिल्या अर्ध्या तासात सासूबाईंनी मागची रांग घोंगडी टाकून घेतली, काकांनी पाय लांब करायला पुढची. कोणी काही बोललं नाही. बोलायला जवळपास कोणी नव्हतं. बँडची पोरं मात्र अख्ख्या मैदानाला पुरेल एवढं वाजवत होती, आणि घरच्या संघाने गुण मिळवले की आमच्याकडच्या आरोळ्या टीव्हीवर ऐकू गेल्या असाव्यात अशी माझी खात्री आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासऱ्यांनी सांगलीला व्हिडिओ कॉल लावला. “मिशिगनची मॅच बघून आलो रे,” ते धाकट्या भावाला सांगत होते. मी चहा घेऊन मागे उभी होते.

“ती लाखभर माणसांची?” पलीकडून प्रश्न आला.

“हो, तसं मोठंच असतं ते,” सासरे म्हणाले. “काल जरा वर्किंग डे पडला.”