साहेब धावले, वर्गणी आमची
जानेवारीतला तिसरा रविवार म्हणजे मुंबई मॅरेथॉन; स्पर्धा २००४पासूनची. ४२.१९५ किलोमीटरवाले पहाटेच सुटलेले असतात. सत्कार्यासाठी धावणाऱ्यांची गर्दी असते ती ड्रीम रनला, अंतर जेमतेम सहा किलोमीटर. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर साहेब पोट आत ओढून, छातीशी ‘पाणी वाचवा’चा फलक धरून सेल्फी काढतात. शंभर पावलांत धावणं आटोपतं, मग गप्पा आणि हातात अर्धवट प्यालेली पाण्याची बाटली. पैसे खरेच जमतात, संस्थांना मिळतात, हे कबूल. फक्त वर्गणी मागतात साहेब आणि भरतात हाताखालचे. नाही म्हणायची कोणाची छाती आहे? साहेब, पुढच्या वर्षी खुशाल झोपा, पण चेक स्वतःच्या खात्यातला फाडा.