ओईएमबाईंस खुलं पत्र

सौ. लिहावं की गं. भा., हे ठरेना, म्हणून नुसतंच ओईएमबाई विंडोजकर यांस,

पर्वत पाटिया, सुरत येथून सप्रेम नमस्कार. वि. वि.

परवा लाईट गेली, आली, आणि येताच तुमच्या मालकांना घेऊन गेली. मदरबोर्डावरचे कपॅसिटर टम्म फुगले होते, जळका वास दुकानभर. साड्यांच्या घड्या घालणाऱ्या बायकाही हातातलं टाकून बघायला आल्या. रॅम, हार्डडिस्क, कॅबिनेट, बाकी सगळं सासर धडधाकट. नवा बोर्ड आणून चालू केला, तर तुमचा पत्ता नाही. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात फिकट अक्षरं, ‘ॲक्टिव्हेट विंडोज’.

बाई, एकाच मदरबोर्डाशी जन्माची गाठ बांधलेला विंडोजचा परवाना म्हणजे तुम्ही; तुमच्या निष्ठेला तोड नाही. रॅम बदला, डिस्क बदला, तुमची हरकत नसते. नवरा बदलायचं नाव काढलं की तुम्ही सती. बेंटिंकने ती चाल 1829 साली बंद केली, हे तुमचा करार लिहिणाऱ्यांना कुणी कळवलेलं दिसत नाही. विंडोज आठपासून कंपनीच्या तयार कॉम्प्युटरमध्ये तुमची की बायोसमध्ये, म्हणजे मालकांच्याच पोटात! ओढून काढणार कशी? एक सवलत आहे म्हणा: बिघडलेल्या बोर्डाच्या जागी कंपनीने तसाच दुसरा बसवून दिला तर चालतं. थोडक्यात, दिराशी पाट लावायला मुभा. पण आमची वॉरंटी केव्हाच संपली, आणि दीरही आता बाजारात मिळत नाहीत.

तुमच्या थोरल्या जाऊबाई, रिटेलबाई, यांचं बरं आहे. जुन्या कॉम्प्युटरशी काडीमोड घेतला की नव्या घरी नांदायला मोकळ्या. आता कॉम्प्युटरसोबत दोघींपैकी कोण घरात आली, हे गिऱ्हाईकाला सांगायची आपल्याकडे पद्धत नाही.

आमचे शेठ म्हणतात, पैसे मोजले, माल आपला. सुप्रीम कोर्टानेही 2004 मध्ये टाटा कन्सल्टन्सीच्या खटल्यात सीडीवरचं तयार सॉफ्टवेअर ‘माल’च ठरवलं, विक्रीकर लागू केला. म्हणजे कर भरताना माल, आणि नव्या बोर्डावर चढवताना परवाना. कापडाच्या धंद्यात इतकी हुशारी अजून कुणाला सुचलेली नाही.

गल्लीतला एक पोरगा चार-पाचशेत की आणून देतो म्हणतो. कुणाच्या घाऊक लायसन्समधून पळवली, ते मात्र सांगत नाही. बेकायदा प्रत जाणूनबुजून धंद्यात वापरली, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम 63-बी खाली किमान 7 दिवस आत, वर 50 हजार ते 2 लाख दंड. ऐन लग्नसराईत आठवडाभर आत बसणं शेठना परवडायचं नाही.

तेव्हा रिटेलबाईंनाच बोलावलंय. 18 टक्के जीएसटीसह. तुमचा चकचकीत स्टिकर कॅबिनेटवर तसाच आहे. भंगारवाला त्याचे वेगळे पैसे देत नाही.

आपला,
बिलं फाडणारा

ता. क. मेहताजी विचारताहेत, बाईंचं तेरावं घालायचं का? म्हटलं, आधी टॅलीचा बॅकअप घ्या.