नुसतं आडनावच तर विचारलं!

‘आमच्याकडे जातपात कुणी मानत नाही’ हे वाक्य महाराष्ट्रात इतक्या घरांतून ऐकू येतं, की अस्पृश्यता संपवणारं राज्यघटनेतलं कलम १७ आता निवृत्त करायला हरकत नसावी. तरीही नववी-दहावीतला पोरगा मित्राच्या घरी गेला, की पाण्याच्या पेल्याआधी आडनावाचा प्रश्न येतो. ‘कुलकर्णी’ म्हटलं की चौकशी तिथेच संपते. ‘जाधव’ म्हटलं की काकूंची जिज्ञासा जागी होते, कारण हे आडनाव अनेक जातींत सापडतं. मग गाव कुठलं, गावात घर कुठल्या बाजूला, लग्नं कुणाकुणात होतात? भूगोलाच्या पेपरातही इतके उपप्रश्न नसतात.

ही साधी विचारपूस झाली, असं कुणी म्हणेल. असेलही, पण साध्या विचारपुशीनंतर पोरांचं एकमेकांकडे जाणं-येणं का आटावं? दुसरा आक्षेप ठरलेला: आरक्षणाच्या फॉर्ममुळेच मुलांना जात कळते. म्हणजे गावकुसाबाहेरच्या वस्त्या फॉर्म छापून आल्यावर वसल्या म्हणायच्या! त्या वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाला घ्यावा लागला, तो डिसेंबर २०२० मध्ये. त्याआधी ‘फँड्री’ सिनेमातल्या, जातीचे चटके सोसणाऱ्या शाळकरी जब्यासाठी आपण थिएटरात मनसोक्त हळहळलो होतोच. पडद्यावरच्या पोराला आडनाव विचारावं लागत नाही, ही मोठीच सोय.

तेव्हा काकू, पुढच्या वेळी पोराला फक्त नाव विचारा आणि पोहे द्या.