कोगनोळीच्या अलीकडची नाकेबंदी

कर्नाटकातला मराठी भाषक सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून आपलं राज्य 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात भांडतंय. याच राज्यानं सप्टेंबर 2023 मध्ये फर्मान काढलं की ऊस राज्याबाहेर जाता कामा नये. पावसानं ओढ दिली होती, ऊस कमी पडणार म्हणून कारखानदार धास्तावले होते. मग चार पैसे जास्त द्यायचे आणि ऊस मिळवायचा! ते राहिलं बाजूला, हात बांधले शेतकऱ्याचे. शेतकरी नेते राजू शेट्टींनी विरोध केला, सीमेवरचे शेतकरी खवळले आणि काही दिवसांत आदेश मागे घ्यावा लागला.

कोल्हापूर जिल्ह्यात सीमेलगतच्या शिरोळ, कागल, गडहिंग्लजच्या शेतकऱ्याचं गणित साधं आहे. जवळचा कारखाना कर्नाटकात असेल, तिथली तोड आधी मिळत असेल, तर ऊस तिकडे जाणार. तोड लांबली की वजन घटतं आणि पुढचं पीकही हुकतं. ऊस ठरलेल्या कारखान्यालाच घालायची राज्यांतर्गत झोनबंदी 1997 मध्ये उठली. तीच राज्याच्या वेशीवर पुन्हा बांधायची, हा शेतकऱ्याच्या खिशातून कारखान्याला दिलेला आधार आहे.

डिसेंबर 2022 मध्ये बेळगावजवळ हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडले, तेव्हा आपण संतापलो. संतापायलाच हवं होतं. जीएसटीनं 2017 मध्ये विक्रीकराचे नाके उठवले ते माल बिनघोर जावा म्हणून. पण सीमेवरच्या कोगनोळीच्या अलीकडे आपलाच ऊस आपणच अडवायचा, तर त्या संतापाला वजन कुठून येणार?

माणसांच्या बाबतीतही तेच. जुलै 2024 मध्ये कर्नाटकानं खासगी कंपन्यांत व्यवस्थापनाच्या 50 टक्के आणि इतर 70 टक्के जागा स्थानिकांना देण्याचं विधेयक मंजुरीला आणलं. उद्योगांनी ओरड केली आणि ते बासनात गेलं. आपल्याकडे सवलती घेणाऱ्या उद्योगांना 80 टक्के स्थानिकांचं धोरण आहेच, आणि स्थानिक म्हणजे पंधरा वर्षांचा रहिवासी. सीमाभागातल्या निपाणीचा पोरगा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत रोज येऊन-जाऊन काम करू शकतो, इतकं जवळ आहे सगळं. सरकारी भरतीत सीमाभागातल्या 865 गावांतल्या मराठी भाषकांना आपण अर्ज करू देतो, ते योग्यच आहे. पण कारखान्याच्या हजेरीपटावर तो आपला की परका?

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्रीवाल्यांना याचं उत्तर ठाऊक आहे. मे 2020 मध्ये टाळेबंदीत बिहार, उत्तर प्रदेशचे कामगार श्रमिक रेल्वेनं गावी गेले, तेव्हा भट्टीपुढे उभं राहायला माणूस मिळेना. स्थानिक पोरांना हे काम शिकवा, पगार वाढवा, जरूर. टक्केवारीच्या परिपत्रकानं मोल्डर तयार होत नाही.

दोन्ही राज्यांना एकत्र येता येतं, याचा दाखलाही आहे. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते आठ जिल्ह्यांना मिळून, चार महाराष्ट्रातले, चार कर्नाटकातले. दोन्ही राज्यांनी मिळून मागितलं आणि मिळालं. म्हणजे ठरवलं तर जमतं.

कोल्हापूरच्या आमदारांनी येत्या अधिवेशनात दोन गोष्टी लेखी मागाव्यात. उसाला राज्यबंदी पुन्हा घालणार नाही, ही हमी. आणि 865 गावांतला कामगार 80 टक्क्यांच्या हिशेबात स्थानिक धरला जाईल, हा स्पष्ट शासननिर्णय.