घारीचा रकाना

राजूरच्या पेठेत पाव किलो पेढे घेतले, तर ते माझ्या पुतण्याच्या ड्रोनपेक्षा एक ग्रॅम जास्त भरतात. हा हिशेब त्यानंच मला सांगितला. आपल्याकडच्या 2021 च्या ड्रोन नियमांत 250 ग्रॅमपर्यंतचं यंत्र 'नॅनो' गटात जातं आणि ते उडवायला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. बाहेरच्या देशांतही अशीच काहीतरी 250 ची रेघ असल्यानं कंपन्या वजन 249 वर आणून हात आखडता घेतात. पेढेवाल्याला असला नियम नाही, म्हणून त्याचा काटा गिऱ्हाइकाकडे जरा झुकतो. त्या दिवशी आम्ही ड्रोन आणि पेढे दोन्ही घेऊन गावाबाहेरच्या टेकाडावर गेलो होतो. परत आलो ते रिकामा पुडा घेऊन.

ड्रोन घारीनं पाडला, असं पुतण्याचं म्हणणं. संध्याकाळी चहाच्या टपरीवर त्यानं ही हकीकत तीनदा सांगितली. तिसऱ्या वेळी घारीचे पंख इतके रुंदावले होते की एका म्हाताऱ्यानं, "अरे, मग गरुडच असंल तो," अशी दुरुस्ती सुचवली आणि पुतण्यानं ती फारशी नाकारली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्याच फोनमधून ड्रोनच्या उड्डाणाची नोंद निघाली. कॅमेऱ्याचे बहुतेक ड्रोन उडताना फोनच्या ॲपमध्ये एक फाइल लिहीत असतात. तिच्या शेवटच्या ओळीत अक्षांश-रेखांश होते. ते नकाशावर टाकले, तर ठिपका ओढ्यापलीकडच्या हिरड्याच्या झाडावर पडला. गुरं चारणाऱ्या एका पोरानं वर चढून ड्रोन काढून दिला. एक पातं मोडलेलं, बाकी ठीक. ज्या फाइलीनं ड्रोन शोधून दिला, तीच पुसून टाकायचा विचार पुतण्यानं दुपारपर्यंत पक्का केला होता.

"तात्या, काय करायच्यात असल्या फायली ठेवून? फोनात जागा खातात नुसत्या."

जागेचं हे कारण काही पटण्यासारखं नव्हतं. एका उड्डाणाची फाइल होते फार तर काही एमबींची. याच्या फोनात लग्नातल्या नाचांचे जेवढे व्हिडिओ आहेत, त्यातला एक उडवला तरी वर्षभराच्या नोंदी मावतील. खरं कारण फाइल उघडल्यावर दिसलं. अशा फाइली नुसत्या उघडून वाचता येत नाहीत, त्या उलगडणारं सॉफ्टवेअर लागतं. ते त्यानंच उतरवलं, आणि मग शेजारी मी बसलोय हे त्याच्या ध्यानात आलं.

मी तेहतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. आम्ही दिवसातून दोनदा हजेरी घ्यायचो आणि त्यातच घसा बसायचा. हे यंत्र सेकंदाला दहा वेळा हजेरी घेतं. किती उपग्रह दिसतात, वेग किती, उडवणाऱ्यापासून अंतर किती, बॅटरी किती टक्के, तिच्या दोन्ही सेलचा व्होल्टेज वेगवेगळा किती, उडवणाऱ्यानं कांडी कुठल्या बाजूला किती दाबली, सगळं रकान्यांत. उंचीच्या रकान्यापाशी मी अडखळलो. तिथं 'उणे 62' असं होतं. पुतण्यानं समजावलं, की उंची ड्रोन जिथून उडाला तिथपासून धरतात. टेकाडावरून उडवून खाली भातखाचरांत नेला, की शून्याच्या खाली. 1,646 मीटरचं कळसूबाई ज्या तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात आमची उंची उणे. मला ते मनापासून आवडलं.

नंतरच्या ओळी मात्र त्याला आवडल्या नसाव्यात. परतीपुरतीच बॅटरी उरली, की हा ड्रोन आपण होऊन घराकडे वळायला निघतो. तो निघाला होता, पुतण्यानं 'नको' दाबलं. तो पुन्हा निघाला, पुन्हा 'नको'. तिसऱ्यांदा पुतण्याला पटलं, पण तोवर वारा समोरून होता आणि ड्रोन जागच्या जागी झगडत राहिला. बॅटरी अगदी तळाला गेल्यावर तो परतीचा नाद सोडतो आणि असेल तिथं खाली उतरतो. असेल तिथं हिरडा होता. आमची जी 'घारीची झडप', ती यंत्राच्या भाषेत साधं सक्तीचं उतरणं निघालं.

टक्क्यांचं आमच्या भागाला नवल नाही. पावसाळ्यात घाटघर आणि रतनवाडीला रात्रीत किती मिलिमीटर पडला आणि भंडारदरा किती टक्के झालं, हे चहाआधी विचारलं जातं. पंधरा ऑगस्टच्या आत धरण भरणार की नाही, यावर पैजा लागतात. 1926 साली पूर्ण झालेलं ते धरण, साठा 11,039 दशलक्ष घनफूट. हा आकडा शाळेत मीच पोरांकडून पाठ करून घेतलेला, पुतण्याही त्यांत होता. धरणाची पाणीपातळी रोज लिहून ठेवायची कशाला, असं आजवर कुणी विचारलेलं नाही. धरणाच्या टक्क्यांत आपली चूक दिसत नाही, म्हणून ते वाचायला सोपे असावेत. बॅटरीच्या टक्क्यांत 'नको' कुणी दाबलं तेही येतं.

मग मी माझा जुना खाक्या काढला. सरकारी दफ्तरात कागदांचे वर्ग असतात. 'अ' वर्ग कायम जपायचा, 'ड' वर्ग वर्षभर ठेवून नष्ट करायचा, मधले त्या त्या मुदतीचे. नोकरीत मी या वर्गवारीला फार शिव्या घातल्या, कारण मोडक्या खुर्चीचंसुद्धा निर्लेखन मंजूर होईपर्यंत ती डेडस्टॉक रजिस्टरात ऐटीत बसून राहायची. पण ड्रोनच्या फाइलींना ती वर्गवारी अशी चपखल बसली, की खातं माझ्यासाठीच काढलं असावं.

गच्चीवरून दोन गिरक्या मारल्या, ती फाइल 'ड'. बॅटरी नवीन असतानाची पहिली काही उड्डाणं 'ब', कारण पुढे दोन सेलच्या व्होल्टेजमध्ये तफावत पडायला लागली, तर ती किती पडली हे कशाशी ताडून बघायचं? एक सेल दमला की बॅटरी दगा देणार, आणि ते टक्क्यांच्या आकड्याआधी व्होल्टेजच्या रकान्यात दिसतं. ज्या उड्डाणात काही विपरीत घडलं, ती फाइल 'अ'. त्यावर चर्चा नाही.

फाइली फोनातच ठेवणं म्हणजे दप्तर पावसात ठेवणं. ॲप काढून टाकलं की बहुधा त्या त्याच्याबरोबर जातात, फोन ओढ्यात पडला तरी जातात. म्हणून महिन्याकाठी त्या संगणकावर उतरवायच्या, तारीख आणि गावाचं नाव लावून. पुतण्यानं पहिल्या फाइलीला 'नवीन फायनल खरी' असं नाव दिलं होतं, ते बदलायला लावलं. आणखी एक ताकीद दिली. ड्रोन अंगणातून उडवला असेल, तर फाइलीची पहिली ओळ म्हणजे आपल्या घराचा पत्ताच. दुरुस्तीवाल्यानं मागितली म्हणून सगळी थैली त्याच्यापुढे रिकामी करू नये, हवी तेवढी एक द्यावी. अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय उडवायचं नाही, हे त्याला माहीत आहे. पण माहीत असणं आणि फाइलीत न दिसणं या दोन गोष्टी असल्यानं मी हरिश्चंद्रगडाचं नाव घेऊन त्याच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. त्यानं नजर वळवली नाही. बरं वाटलं.

सगळं झाल्यावर तो म्हणाला, "पण तात्या, घार होती. देवाशप्पथ."

आम्ही पुन्हा फाइल पाहिली. दुसऱ्या 'नको'नंतर काही सेकंदांनी ड्रोन एकदम एका बाजूला कलंडून सावरल्याचं आकडे सांगत होते. वाऱ्याचा झोत असेल. घारही असेल. व्हिडिओ त्याआधीच बंद केलेला. सेकंदाला दहा नोंदी करणाऱ्या त्या फाइलीत घारीसाठी रकानाच नाही. आणि मुळात आम्ही त्या दिवशी ड्रोन का उडवला, हेही तिच्यात कुठं नव्हतं. धाकट्या भावाच्या खाचरातलं भात वाऱ्यानं किती लोळलं ते बघायचं होतं. ते आम्ही बघितलं, निम्मं आडवं झालं होतं, आणि म्हणूनच तो परतायला निघालेल्या ड्रोनला दोनदा नको म्हणाला. बापाचं शेत होतं ते.

तेव्हा मी एक दोनशे पानी वही आणली आणि हातानं रकाने आखले: अनुक्रमांक, तारीख, ठिकाण, बॅटरी, कशासाठी उडवला, काय घडलं, शेरा. पहिली नोंद पुतण्याच्या अक्षरात आहे. 'कशासाठी' खाली त्यानं 'भात' लिहिलं. 'काय घडलं' खाली बराच विचार करून 'घार' लिहिलं आणि वही माझ्याकडे सरकवली. शेऱ्याचा रकाना माझा. त्यात मी लाल शाईनं 'फाइल पाहा, वर्ग अ' असं लिहून सही केली.