नव्वद किलोमीटरची बांधाबांध

बाळाचे सामान भरणारी आजी महाराष्ट्रात सगळीकडे आढळते, पण तिचा पूर्ण वाढ झालेला नमुना जळगाव-धुळे रस्त्यावरच पाहावा. खानदेशात तिला मोठीमाय म्हणतात. पहिले बाळंतपण माहेरी होते आणि तीन-चार महिन्यांनी लेक बाळाला घेऊन सासरी निघते. माहेर जळगावचे आणि सासर धुळ्याचे असले तर मधले अंतर ९० किलोमीटरच्या आसपास भरते. एरंडोल, पारोळा करत एसटी ते दोन-अडीच तासांत उरकते. मोठीमायची तयारी मात्र आठवडाभर आधी सुरू होते आणि तिच्याकडे पाहून धुळ्यात अजून एकही दुकान उघडलेले नसावे असे वाटते.

सामानाचे दोन भाग असतात, एक बाळासाठी आणि दुसरा विहिणीसाठी. बाळासाठी जे लागते ते फार थोडे. बाकीचे सारे या धास्तीने भरलेले असते, की धुळ्याच्या घरात चारचौघींसमोर कोणी तरी म्हणेल, ‘एवढंही दिलं नाही का?’ म्हणून झबली, टोपडी, कुंच्या, दुपटी आणि चांदीचा वाळा असा बाळंतविडा वेगळा बांधला जातो. त्याला प्रवासात कोणी हात लावायचा नसतो. बाळ ओलेचिंब झाले तरी त्यातले झबले निघत नाही, कारण त्याची घडी विहीणबाईंसमोर मोडायची असते.

बाळाच्या खऱ्या सामानाचा पाया लंगोट हाच. ते जुन्या सुती लुगड्याचे करतात, कारण धुऊन धुऊन विरलेले सूतच कोवळ्या अंगाला टोचत नाही. एका नऊवारी लुगड्यातून चौकोनी तुकडे काढले तर दोन डझन लंगोट सहज होतात. मोठीमाय दोन लुगडी फाडते आणि मग आजोबांच्या धोतरांकडे पाहू लागते. आजोबा त्या आठवड्यात धोतर स्वतः वाळत घालतात आणि स्वतःच काढून आणतात. तिच्या बाजूने एक गोष्ट मान्य करावी लागते. मे महिन्यात खानदेशात पारा ४४-४५ अंशांवर जातो. त्या उन्हात एरंडोलला ओला झालेला लंगोट पाण्यातून काढून एसटीच्या खिडकीच्या गजाला बांधला, तर पारोळा यायच्या आत खडखडीत वाळतो. इतकी जलद सेवा पुण्या-मुंबईच्या लाँड्रीतही मिळत नाही.

लेकीचा पक्ष डायपरचा. तिच्या मते दोन-अडीच तासांच्या वाटेला तीन डायपर पुरतात. मोठीमाय त्याला सरसकट ‘हगीज’ म्हणते, पुडक्यावर नाव कोणतेही असो, आणि त्यात पोराची कंबर भाजून निघते असे तिचे मत आहे. या मताला थोडा इतिहासाचाही आधार आहे. वापरून टाकायच्या डायपरला घरोघरी नेणारा ‘पॅम्पर्स’ १९६१ साली अमेरिकेत बाजारात आला. तो प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीतले इंजिनिअर व्हिक्टर मिल्स यांच्या पुढाकाराने घडला. मिल्स स्वतः आजोबा होते आणि नातवंडाचे कापडी लंगोट बदलण्याचा त्यांना मनस्वी कंटाळा होता. जगातल्या बहुतेक आजोबांना तो असतो. इतर आजोबा अशा वेळी पेपर घेऊन ओसरीवर जातात, मिल्स प्रयोगशाळेत गेले. डायपरचे पहिले रूप प्लास्टिकच्या चड्डीसकट होते. ते डॅलस शहरात करून पाहिले तेव्हा तिथे ३४ अंशांच्या आसपास उन्हाळा होता आणि आयांनी ते नाकारले. जळगावात मे महिन्यात पारा ३४ वर आला तर लोक शाल शोधतात.

हा वाद कधीच निकाली निघत नाही, फक्त बॅगेत उतरतो. लेक डायपरचे अख्खे पुडके भरते, मोठीमाय चार डझन लंगोट भरते, शिवाय मेणकापड, त्यावर टाकायची चौघडी आणि चौघडी भिजली तर दुसरी. वापरलेल्या डायपरचे काय करायचे, या प्रश्नावर मोठीमाय जिंकते. २०१६ च्या घनकचरा नियमांनी तो नीट गुंडाळून सुक्या कचऱ्यात टाकायला सांगितले, पण धावत्या बसमध्ये सुका कचरा म्हणजे खिडकी, असे मानणारे प्रवासी अजून आहेत. मोठीमाय ओले लंगोट प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून घरापर्यंत नेते. त्या पिशवीशेजारी बसणाऱ्याचे मत कोणी विचारत नाही.

औषधांचा डबा हे तिचे खास संस्थान. त्यात मुरडशेंग, हळकुंड, मायफळ, हिरडा, बेहडा, वेखंड, सुंठ, अतिविष ही बाळगुटी, ती उगाळायला सहाण, पोटावर लावायला हिंग, पाण्यात उकळायला वावडिंग, आणि लेकीच्या समाधानासाठी डॉक्टरांनी दिलेले तापाचे थेंब. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही देऊ नका, साधे पाणीसुद्धा नको, असे डॉक्टर बजावतात. मोठीमाय मान डोलावते आणि सहाण बॅगेत घालते. जावयाला जिन्यावरून बॅग उतरवताना जो झटका बसतो तो याच दगडाचा. ‘धुळ्यात सहाण मिळत नाही का?’ असे तो विचारतो. त्याला उत्तर मिळत नाही. लेकीने तोच प्रश्न केला तर मात्र अहिराणीत मिळते, ‘ऱ्हाऊ दे वं माय, काममा येई.’ डब्याच्या कोपऱ्यात मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्यांची पुरचुंडी असते, कारण वाटेत पोराला दृष्ट लागली तर ती पोचेपर्यंत तशीच राहू देता येत नाही.

ही यादी कोणी एका बैठकीत केलेली नसते. प्रत्येक वस्तूमागे जुना प्रवास असतो. थोरल्या नातवाच्या वेळी पारोळ्याजवळ अवकाळी पाऊस लागला, तेव्हापासून मे महिन्यातही कानटोपी असते. मधल्या नातीच्या वेळी सुरत-भुसावळ गाडी अमळनेरच्या अलीकडे रखडली आणि पोर झोपेना, तेव्हापासून बाकांमध्ये झोळी बांधायला जुनी साडी आणि दोरी असते, एसटीत ती बांधायला जागा नसली तरीही. संकट टळले म्हणून वस्तू वगळली, असे या घराण्यात कधी घडलेले नाही. त्यामुळे शेंडेफळाची बॅग नेहमी सर्वांत जड असते. कड्यावरून रात्री बाळाकडे उतरलेल्या हिरकणीच्या नावाने एसटीच्या मोठ्या स्थानकांवर बाळाला पाजायचे कक्ष आहेत. त्या हिरकणीजवळ एकही पिशवी नव्हती, हे मोठीमायला पटत नाही. गवळीण होती, निदान दुधाची चरवी तरी असेलच, असे तिचे म्हणणे.

बसस्थानकावर तिची खरी कसोटी लागते. जागा धरायला इतर लोक खिडकीतून रुमाल टाकतात. मोठीमाय लंगोट टाकते. रुमाल बाजूला सारणारे पुष्कळ भेटतात, लंगोट कोरडा आहे की नाही हे हात लावून पाहणारा अजून भेटलेला नाही. बाळाला पाच वर्षांपर्यंत तिकीट नाही आणि मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट आहे, म्हणजे आजी, आई आणि बाळ मिळून एका तिकिटात जातात. कंडक्टरशी वाद होतो तो सामानावरून. एक बॅग, एक वायरची पिशवी, गोधडीचे गाठोडे, विहिणीसाठीचे बिबडे-पापड, केळीचे वेफर आणि लेकीचे डिंकाचे लाडू मोजून तो विचारतो, ‘आजी, घर बदलताय का?’ मोठीमाय त्याच्या हातात एक लाडू ठेवते आणि विषय संपतो.

बाळ एरंडोलला जागे होते, दूध पिते, एक लंगोट ओला करते आणि धुळ्यापर्यंत झोपते.

धुळ्याला पोचल्यावर बॅग विहीणबाईंसमोर उघडली जाते. त्या एकेक वस्तू हातात घेऊन ‘कशाला एवढं आणलं?’ म्हणतात. हे कौतुक आहे की आक्षेप, हे दोघींनाच कळते. मग त्या कपाट उघडून आपल्या बाजूचे लंगोट, झबली आणि गुटी दाखवतात. डबा रिकामा परत द्यायचा नाही या रीतीप्रमाणे बॅगही भरूनच जळगावला येते. पुढे अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सून माहेरी निघते तेव्हा बांधाबांध धुळ्याची असते, आणि जळगावच्या घरात सहाण असेलच असे विहीणबाई गृहीत धरत नाहीत.